गेर्मनसाठी रडलो तो उन्हाळा

आजपासून मॉन्सून सुरू झाला, असं सकाळी टीव्हीवरची बाई म्हणाली. इथे ॲरिझोनात पावसाळ्याची तारीख ठरलेली असते. ती पाऊस पाळत नाही, टीव्हीवरची माणसं पाळतात. मी मागचं दार उघडलं तर आभाळ पांढरंफटक, अंगणातल्या खडीतून भाजका वास येतोय, आणि गार पाण्याच्या नळाला कढत पाणी. भिंतीवर एक काळा पक्षी चोच उघडी टाकून बसला होता. त्याला ओरडायचंही त्राण नव्हतं.

ती भिंत सिमेंटच्या ठोकळ्यांची आहे. टाचा उंचावल्या की पलीकडचं दिसतं. पलीकडे आता एक तरुण कोरियन जोडपं राहतं, हसरं, येताजाता हात हलवणारं. तरीही दरवर्षी जून आला की या भिंतीकडे बघून माझ्या कपाळाला आठी पडते. भिंतीचा काही दोष नाही. पण राग कुठेतरी टेकायला लागतोच.

चँडलरमध्ये आम्ही हे घर घेतलं तेव्हापासून पलीकडे गॅरी राहायचा. साठीच्या आतला, दांडगा, एकटा. बायको कधीच सोडून गेलेली. तो मूळचा बल्गेरियाचा आहे हे आम्हाला बरीच वर्षं माहीतही नव्हतं. आमची त्याची ओळख भांडणातून झाली. गणपतीच्या आधी शनिवारी सकाळी माझा नवरा मिलिंद आणि मंडळातली चार-पाच माणसं आमच्या गराजमध्ये ढोलाची प्रॅक्टिस करायची. पहिल्याच शनिवारी पोलीस दारात. पोलीस बिचारा सभ्य होता, "कम्प्लेंट आली आहे," एवढंच म्हणाला. कोणाची, ते त्याच्या मागे फूटपाथवर हाताची घडी घालून उभं होतं.

मग मी त्याच्या स्विमिंग पूलच्या पंपाची तक्रार केली. त्याने आमच्या कढीपत्त्याची केली, फांद्या त्याच्या हद्दीत येतात म्हणून. एकदा मी फोडणी घालत असताना त्याने भिंतीवरून ओरडून विचारलं होतं, "समथिंग डाइड इन देअर?" त्या दिवशी मी मुद्दाम आणखी चार मिरच्या टाकल्या. असं ते चाललं होतं. सोसायटीचे लोक आमच्या दोघांच्याही ईमेलना कंटाळले होते. खरं सांगायचं तर मला त्या वैराची सवय झाली होती. परदेशात आपलं म्हणून काही असावं लागतं, तसं ते माझं होतं.

मग तो उन्हाळा आला. मॉन्सूनची तारीख आली आणि गेली. आभाळात ढग यायचे, संध्याकाळी डोंगरांच्या बाजूला वीज दिसायची, फोनवर धुळीच्या वादळाची सूचना वाजायची. तपकिरी भिंतीसारखी धूळ चालत यायची, गाड्या, खिडक्या, दात सगळं किरकिरं करून जायची. थेंब नाही. ऑफिसात लोक 'नॉनसून' म्हणून हसायचे. मला हसू यायचं नाही. माझं लहानपण बीड जिल्ह्यातल्या एका कोरड्या गावात गेलं. कोरड्या आभाळावर विनोद करणारी माणसं मला आजही सहन होत नाहीत.

त्याच उन्हाळ्याच्या सुरुवातीला गॅरीच्या दारात ॲम्ब्युलन्स आली. बायपास झाली म्हणे. तो घरी परत आला तेव्हा त्याचे कपडे दुसऱ्याचे वाटत होते. मिलिंद म्हणाला, "अगं, काहीतरी डबा वगैरे द्यायला हवा." मी म्हटलं, "त्याला आपल्या फोडणीचा वास सहन होत नाही." डबा दिला नाही.

आणि मग त्याची आई आली.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती भर उन्हात काळे मोजे, काळा स्कर्ट, डोक्याला रुमाल अशी अंगणात उभी राहून जमिनीवर पाय आपटून बघत होती. इथली जमीन चुनखडीची, कुदळ मारली तर ठिणगी उडेल अशी. मला बघून तिने छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा. बाबा स्तोयांका." मी गोंधळले. त्यांच्याकडे आजीला बाबा म्हणतात, हे माझ्या मुलीने, रेवाने, फोनवर शोधून सांगितलं. रेवा तेव्हा सोळाची. "आई, शी इज लाइक, अ बाबा. ग्रँडमा."

म्हातारीला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. पण फोनमध्ये बल्गेरियनचं मराठी करणारी एक सोय निघाली, आणि आमचं बोलणं सुरू झालं. ती तिच्या भाषेत बोलायची आणि फोनमधली यांत्रिक बाई मराठीत सांगायची. पहिलंच वाक्य आलं ते असं: "माझा मुलगा तुमच्याविषयी वाईट बोलतो. तुम्ही जेवलात का?"

ती मुलाला गॅरी म्हणायची नाही. 'गेर्मन' म्हणायची. मी विचारलं, हे कसलं नाव? तिने भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली आणि सांगायला लागली. मे महिन्यात त्यांच्याकडे गेर्मन नावाच्या संताचा दिवस असतो. गारपिटीपासून पीक राखणारा संत. तिचा मुलगा त्याच सुमाराला झाला म्हणून तेच नाव. पण त्या नावाची आणखी एक गोष्ट होती. पाऊस पडला नाही की गावातल्या बायका मातीचा एक पुरुष करायच्या, हातभर लांब. त्याचं नावही गेर्मन. त्याला कौलावर निजवायचं, फुलं घालायची, उशाशी मेणबत्ती लावायची, आणि घरातलं माणूस गेल्यासारखं रडायचं. पाण्यावाचून गेर्मन मेला म्हणून रडायचं. मग त्याला नदीकाठी पुरायचं. एवढ्या बायकांचं रडणं बघून वरच्याला लाज वाटते आणि पाऊस येतो.

"सरकारची बंदी होती," फोनमधली बाई म्हणाली. "बायका तरी करत."

"आणि तुमचा मुलगा?"

म्हातारी हसली. तो लहान होता तेव्हा सगळं गाव त्याच्या नावाने गळा काढायचं आणि हा खाटेखाली जाऊन बसायचा. शाळेत पोरं विचारायची, तू परत मेलास का रे? अमेरिकेत उतरल्या उतरल्या त्याने पहिलं काम नाव बदलायचं केलं.

तिचं ऐकताना मला आमच्या गावातली धोंडी आठवत होती. पाऊस लांबला की उघड्या पोराच्या अंगाला कडुलिंबाचे डहाळे बांधायचे आणि त्याला दारोदार फिरवायचं. दारातल्या बाईने त्याच्या डोक्यावर पाणी ओतायचं, सोबतच्या पोरांच्या झोळीत धान्य घालायचं. गावातल्या सगळ्या बाया ओतायच्या. माझी आई ओतत नसे. एका वर्षी धोंडी आमच्या दारात आली तेव्हा आईने नुकताच दूरच्या विहिरीवरून हंडा आणला होता, तळाशी गाळ असलेला. पोरं गात उभी होती. आई उंबऱ्यावर आली आणि म्हणाली, "आधी त्याला म्हणावं तू दे, मग मी देते." आणि दार लावून घेतलं. बोलताना ती पोरांकडे बघत नव्हती, वर बघत होती. शेजारणी नंतर कितीतरी दिवस तिच्याशी बोलत नव्हत्या. मला मात्र त्या वेळी माझ्या आईइतकी मोठी बाई गावात दुसरी दिसली नाही.

हे मी म्हातारीला सांगितलं. फोनने त्याचं काय केलं देव जाणे, पण ती बराच वेळ मान हलवत राहिली. मग तिने विचारलं, "तुमच्याकडे माती आहे का? ही माती मेलेली आहे."

माझ्याकडे माती होती. गणपती करायला मंडळाने मागवलेल्या शाडूच्या पिशव्या आमच्याच गराजमध्ये ठेवलेल्या होत्या. मी एक दिली. दोन दिवसांनी सकाळी भिंतीपाशी हाक आली. म्हातारीने पुरुष केला होता. रेवा बघून लालबुंद झाली, कारण पुरुष म्हणजे अगदी पुरुष होता, काहीही न वगळलेला. डोळ्यांच्या जागी मिरीचे दाणे, तोंड किंचित उघडं. आमच्या शाडूला असं निजलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे ती माती नेहमी मांडी घालून बसते, सोंड वळवते, लोकांना हवीहवीशी वाटते.

"एकटी बाई रडली तर ते मरण वाटत नाही," फोन म्हणाला. "तुम्ही या."

मी घरात येऊन मिलिंदला सांगितलं. त्याने कॉफीचा कप खाली ठेवला. "तू गॅरीसाठी रडणार? त्याने आपल्यावर पोलीस घातलेत, यार."

"गॅरीसाठी नाही. मातीच्या माणसासाठी."

"नाव तर त्याचंच आहे ना!"

तरीही मी गेले. का गेले? म्हातारीने विचारलं म्हणून. आणि मनात थोडी दुष्ट मजाही वाटत होती, ते नाकारत नाही. ज्या माणसाचा मला इतका तिटकारा, त्याच्या नावाने त्याच्याच अंगणात बसून गळा काढायचा!

सकाळची वेळ होती, सूर्य नुकता भिंतीवर आला होता, आणि तरीही खडी चपलेतून चटके देत होती. गॅरी औषधं घेऊन झोपलेला असायचा. म्हातारीने छपराचं एक कौल मिळवलं होतं, त्यावर गेर्मन निजवला होता. भोवती शेजाऱ्यांच्या कुंपणावरची कण्हेरीची गुलाबी फुलं. मेणबत्ती उष्णतेनेच वाकली होती. मी आणि रेवा दोन बाजूंना बसलो. म्हातारीने रुमाल मागे सारला, श्वास घेतला आणि सुरू केलं.

मी अनेक घरांत अनेक बायकांना रडताना ऐकलं आहे. हे तसं नव्हतं. तो आवाज पोटाच्या तळातून निघून वर चढायचा, वर टांगून राहायचा, मग पायऱ्या उतरल्यासारखा खाली यायचा, आणि प्रत्येक वेळी खाली आल्यावर तिथे तेच नाव असायचं. गेर्मन. गेर्मने. ती त्याच्या मातीच्या कपाळावरून हात फिरवत होती, त्याची फुलं नीट करत होती. रेवाने माझा हात घट्ट धरला. "आई, इज शी ओके?"

मला रडू येईना. कसं येणार? मग मला आईचं ते वर बघणं आठवलं. वरच्याने आम्हाला किती वर्षं कोरडं ठेवलं, आणि मी कुठे येऊन पडले, तर इथेही पुन्हा तेच पांढरं आभाळ. रडू आलं ते रागाचं होतं, पण चांगलं मोठ्याने आलं. आपण कशासाठी रडतोय हे डोळ्यांना कळत नाही.

तेवढ्यात काचेचं दार सरकलं.

गॅरी उभा होता. शर्टाची बटणं उघडी, छातीवरून खाली उतरणारी लाल रेघ अजून ओली वाटावी अशी. त्याने आधी आईकडे पाहिलं, मग कौलाकडे, मग माझ्याकडे. माझ्या गालांवर पाणी होतं. त्याचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. आपल्याच घरात आपलं मयत सापडावं, आणि मयताला बसलेली कोण, तर शेजारची ती!

"गेट आउट," तो म्हणाला. आधी हळू. मग ओरडून. "गेट आउट ऑफ माय यार्ड! यू वॉन्ट मी डेड? मग थोडं थांबा! फार वेळ लागणार नाही!"

मी म्हटलं, "इट्स फॉर रेन."

"पावसासाठी!" तो हसला. ते हसणं वाईट होतं. आईकडे वळून तो त्यांच्या भाषेत बोलला. तिने फक्त दोन्ही हात मातीच्या माणसावर आडवे धरले, पिल्लाला झाकतात तसे. त्याने तिचे हात बाजूला केले. ढकललं नाही, पण फार हळुवारही नाही. आणि टाचेने तो गेर्मन चिरडला. शाडू अजून पूर्ण वाळलेला नव्हता. त्याच्या टाचेला चिकटला. तो तसाच पाय खरडत आत गेला आणि दार लावलं.

रेवा रडत होती, आता खरंच. म्हातारीने मातीचे तुकडे एकेक करून ओच्यात गोळा केले. मग तिने मला हातवाऱ्यांनी विचारलं, खणायला काही आहे का? मी घरून सळई आणली. चुनखडीत वीतभर खड्डा पाडायला आम्हाला दोघींना घाम फुटला. तुकडे पुरले, वर खडी ओढली. खिडकीच्या पडद्याआडून तो बघत होता. मी त्याच्याकडे रोखून पाहिलं. पडदा हलला नाही.

आठवड्याच्या आत त्याने आईला परत पाठवलं. तब्येत सुधारली, आता गरज नाही, असं त्याने रस्त्यावर मिलिंदला सांगितलं. निघायच्या दिवशी, तो गाडीत सामान ठेवत असताना, ती भिंतीपाशी आली. फोन तिने स्वतःच माझ्या हातातून घेतला आणि तोंडाजवळ धरून भराभर बोलली. फोनमधली बाई थोडं थांबून म्हणाली:

"पाऊस मला नको. तुमचा पाऊस तुम्ही बघा. मृत्यू दारात येऊन गेर्मन, गेर्मन अशी हाक मारत होता. मी त्याला एक गेर्मन दिला. रडले, पुरला. आता त्याच्याकडे गेर्मन जमा झाला. तो परत मागणार नाही."

ती पुढे बोलली.

"मुलाला सांगू नका. त्याला कळलं तर दारात हाक मारणाऱ्यालाही कळेल."

गॅरीने गाडीतून हॉर्न वाजवला. तिने भिंतीवरून माझा गाल थोपटला, कोरड्या, शाडूचा वास येणाऱ्या हाताने. मग गेली.

त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला. गॅरी बरा होत गेला, अंगावर मांस धरू लागला, आणि अंगात जोर आला तसा त्याचा कडवटपणाही परत आला. कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला मी बाहेर पडले की तो आभाळाकडे बोट दाखवायचा. "व्हेअर इज युअर रेन?" दर आठवड्याला. "एवढं रडलीस, एक थेंब नाही?" आमच्या ढोलाच्या प्रॅक्टिसला त्याने पुन्हा पोलीस बोलावले. मी दात आवळून उभी राहायची. एका वाक्यात त्याचं तोंड बंद करता आलं असतं. पण ते वाक्य मला बोलायचं नव्हतं. मला त्याचा इतका राग येई की घरात येऊन मी भांडी आपटायची. स्वतःच्या दोन पायांवर उभा होता, श्वास घेत होता, आणि विचारत होता की रडण्याचा उपयोग काय झाला!

हिवाळ्यात एका दुपारी बेल वाजली. दारात गॅरी. इतक्या वर्षांत तो आमच्या दारात पहिल्यांदा आला होता. मी जाळीचं दार उघडलं नाही.

"माझी आई वारली," तो म्हणाला. "रविवारी. मी पोचायच्या आत त्यांनी पुरलीसुद्धा. म्हणून गेलो नाही."

मी काहीतरी बोलले, अशा वेळी बोलतात ते. त्याने हाताने ते बाजूला केलं.

"एक विचारायचं आहे. तू तिथे होतीस. ती खरंच रडत होती का? की नाटक होतं? माझे वडील गेले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आणि एका बाहुलीसाठी..."

"खरंच रडत होती," मी म्हटलं.

"पावसासाठी."

त्याच्या आवाजात तोच जुना कुत्सितपणा होता. पण त्याचा हात शर्टावरून छातीवर गेला होता आणि तिथेच राहिला होता. जिने गप्प राहायला सांगितलं ती आता मातीखाली होती. तिचं काम झालं होतं. मी सांगितलं. जसं फोनने सांगितलं होतं तसंच, एकही शब्द न वाढवता.

मला वाटलं, आता हा रडेल. मला वाटलं, दार उघडावं, पाणी द्यावं. माझा हात कडीवर गेलाही.

"आणि हे तिनं तुला सांगितलं," तो म्हणाला. "तुला!"

"तुम्हाला कळलं तर..."

"मी तिचा मुलगा. मी तिला घालवून दिली. ती विमानात बसेपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि तुला सांगितलं. ढोल बडवणाऱ्या बाईला." त्याचे ओठ पांढरे पडले होते. "यू हॅड नो राइट. हे ठेवून घ्यायचा हक्क तुला नव्हता, आणि आता सांगायचाही नव्हता."

तो पायऱ्या उतरून गेला. त्यानंतर तो माझ्याशी कधीच बोलला नाही, आभाळाकडे बोट दाखवायलाही नाही. वसंतात घर विकायची पाटी लागली. सामान नेणारा ट्रक आला त्या दिवशी मी मुद्दाम बाहेर उभी राहिले. त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला वाईट वाटलं का? राग आला. खरं बोलल्यावर माणसं जवळ येतात असं कुठेतरी ऐकलेलं असतं, त्याचाही राग आला.

त्या वर्षी मात्र मॉन्सून धो धो आला. रस्त्यांतून लाल पाणी वाहिलं, वाळवंटातल्या झुडपांचा तो जळका-ओला वास घरभर शिरला, आणि पलीकडचं रिकामं अंगण गुडघाभर गवताने भरलं. दाखवायला तिथे कोणी नव्हतं.

गेल्या महिन्यात मिलिंदला घेऊन हार्टच्या डॉक्टरांकडे गेले होते, साध्या तपासणीसाठी. वेटिंग रूममध्ये कोपऱ्यात गॅरी बसला होता. केस पांढरे झालेत, पण ताठ होता. त्याने मला पाहिलं आणि मासिक वर धरलं. थोड्या वेळाने आतलं दार उघडलं, एक तरुण नर्स बाहेर आली, हातातल्या कागदाकडे बघत तिने हाक मारली.

"जर्मन?"

कोणी हललं नाही. तिने पुन्हा हाक मारली. "जर्मन? इज देअर अ जर्मन हिअर?"

गॅरी उठला. म्हणजे कागदावर आता पुन्हा ते जुनंच नाव होतं. मासिक खुर्चीवर ठेवलं, शर्ट खाली ओढला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला, "गेर्मन. नॉट ज. ग. गेर्मन."

नर्स सॉरी म्हणाली. आत जाताना त्याला माझ्यासमोरून जावं लागलं. तो गेला, मान ताठ ठेवून, माझ्याकडे न बघता.